‘मावशी, आण इकडे, दहा टाकून देतो’

पत्र थोडक्यात: वाचक ५६ वर्षांच्या आहेत आणि दोन-तीन प्रकाशकांसाठी घरून प्रुफं तपासतात. नऊ वर्षं वापरलेला लॅपटॉप फारच रेंगाळायला लागला, म्हणून महिन्यापूर्वी त्यांनी नवा घेतला. जुन्यावर विंडोज १० होतं, नव्यावर विंडोज ११ आलं. टास्कबारवरची चिन्हं मधोमध जाऊन बसलीत, राइट-क्लिक केल्यावर नेहमीची यादी दिसत नाही, सेव्ह केलेली फाइल कुठे जाते ते उमगत नाही आणि मशीन चालू केलं की पंखा घरघरत राहतो. त्यातच बारा वर्षांचा स्कॅनर नव्या लॅपटॉपला जोडला तर तो ओळखच देत नाही. भाचा संगणकातला जाणकार. तो म्हणतो, ‘मावशी, आण इकडे, तासाभरात दहा टाकून देतो.’ त्या विचारतात, “टाकून घेऊ का? दहाचा सपोर्ट संपला म्हणतात, पण माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? आणि या वयात सगळं नव्याने शिकत बसायची उमेद नाही.”

ताई,

पत्र दोनदा वाचलं. नवा लॅपटॉप, स्कॅनर, भाचा, सगळे भेटले. एकाचा मात्र पत्ता नाही. जुना लॅपटॉप आहे कुठे? कपाटात पडून असेल तर अजून काही दिवस कुणाला देऊन टाकू नका. का ते पुढे येईलच.

आधी तुमच्या गाऱ्हाण्यांची वाटणी करू. ‘दहा हवं’ म्हणताना तुम्ही चार गोष्टी एकाच पिशवीत भरल्या आहेत. टास्कबार आणि राइट-क्लिक हा हाताच्या सवयीचा भाग. फायली सापडत नाहीत याचा दहा-अकराशी फारसा संबंध नाही. पंखा बहुतेक मशीन नवं असल्याचा प्रकार आहे. राहिला स्कॅनर, ती अडचण खरी. भाच्याचा उपाय या चारही गोष्टी एका फटक्यात पुसतो, निदान तसं वाटतं, म्हणून तो इतका गोड लागतोय.

हा गोडवा मी चाखलेला आहे. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्याच वर्षी मी नवा लॅपटॉप घेतला. मला त्याआधीच्या विंडोज एक्सपीची सवय. एक्सपीची सीडी घरात होतीच. एका रविवारी जेवण झाल्यावर बसलो, म्हटलं चहापर्यंत उरकेल. निळ्या पडद्यावर सेटअप सुरू झालं आणि थोड्या वेळाने मला सांगायला लागलं की या संगणकात हार्ड डिस्कच नाही. डिस्क होती, पण ती नव्या पद्धतीने जोडलेली आणि २००१ सालच्या एक्सपीला ती पद्धत ठाऊकच नव्हती. तिचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते उपकरण चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम, द्यायचा तर अगदी सुरुवातीला पडद्याच्या तळाशी जी ओळ क्षणभर चमकते तेव्हा एफ-६ दाबायचं. दाबलं. तर ते फ्लॉपी मागायला लागलं. लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्ह कुठून असणार! शेवटी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून डिस्कची पद्धत जुनी करून घेतली, पार्टिशन्स म्हणजे डिस्कवरचे कप्पे उडवले आणि एक्सपी टाकलं. संध्याकाळी सात वाजता माझ्यासमोर एक्सपीच्या पडद्यावरचा ओळखीचा हिरवा डोंगर होता. आवाज नव्हता, वायफाय नव्हतं, अक्षरं ताणलेली दिसत होती. वायफायचा ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा आणि नेट वायफायशिवाय नाही. मित्राकडे पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. मायक्रोफोन तर पुढची चार वर्षं कधीच चालला नाही. आणि पार्टिशन्स उडवताना मूळ विंडोज परत बसवण्यासाठी कंपनीने दिलेलं रिकव्हरीचं पार्टिशनही मीच उडवलेलं, त्यामुळे परतीची वाट बंद.

लगेच म्हणाल, हे सगळं जुनं झालं. डिस्क न दिसण्याचा प्रकार तरी जुना झालेला नाही. इंटेलच्या गेल्या काही पिढ्यांच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसलं की ‘कुठे टाकू?’ असं विचारणारी यादी रिकामी येते आणि डिस्कचा ड्रायव्हर आधी पेन ड्राइव्हवर घेऊन द्यावा लागतो. फ्लॉपी गेली एवढाच फरक. तेव्हा ‘तासाभरात’ या शब्दावर मी विश्वास ठेवणार नाही. तुमचा भाचा खोटं बोलतो असं नव्हे. दहा टाकायला तासभरच लागतो. पुढचे तास टचपॅडची दोन बोटं, बोटाच्या ठशाचं लॉगिन, कॅमेरा, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर उठणं यांत जातात. ते तास तुमचे असतात, भाच्याचे नसतात.

त्याला बोलण्याआधी एक चाचणी स्वतःच करा. लॅपटॉपच्या तळाशी मॉडेल क्रमांक असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर सपोर्टच्या पानात तो घाला आणि ड्रायव्हर्सच्या जागी ऑपरेटिंग सिस्टीम निवडायची यादी उघडा. त्यात विंडोज १० चं नाव नसेल तर या मशीनसाठी दहाचे ड्रायव्हर कंपनीने दिलेलेच नाहीत. माझ्या लेखी विषय तिथेच संपतो. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरही बघून घ्या. स्नॅपड्रॅगन एक्स किंवा एआरएम असं काही दिसलं तर ती नेहमीपेक्षा वेगळ्या जातीची चिप आहे, दहाचा विचारच सोडा. त्याच पानावर तुमचं विंडोज ‘होम’ आहे की ‘प्रो’ तेही लिहिलेलं असतं. मागची आवृत्ती वापरण्याचा हक्क प्रोच्या परवान्यात आहे, होमच्या नाही, आणि घरगुती लॅपटॉप बहुधा होमच असतात. कुणी सांगेल की सेटिंग्जमध्ये ‘गो बॅक’ नावाचं बटण आहे, ते दाबा. ते बटण जुन्या मशीनवर दहावरून अकरावर चढलेल्यांसाठी असतं, तेही पहिले दहा दिवस. तुमचं मशीन अकरा घेऊनच जन्मलेलं, ते जाणार कुठे?

(मॅक वापरणाऱ्यांसाठी एवढंच: मॅक ज्या आवृत्तीसह आला तिच्या मागची त्यावर चढत नाही. त्यांचा प्रश्न इथेच मिटतो.)

आता ‘माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे’ हा प्रश्न. हा मला फार ऐकायला मिळतो आणि दर वेळी तो विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक चोर असतो, जो घर निवडून फोडतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा प्रकार जगभर पसरला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर आपला आपण उड्या मारायचा, फायलींना कुलूप घालायचा आणि खंडणी मागायचा. समोर इंग्लंडमधलं रुग्णालय आहे की कुणाचा घरचा संगणक, हे त्याने पाहिलं नाही. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्ये, आलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं ते सापडले. एक्सपीवाल्यांना तर ते मिळायचंच नाही, कारण एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपला होता. प्रकरण इतकं पेटलं की मायक्रोसॉफ्टने नियम मोडून त्यांच्यासाठीही अपडेट काढलं. दर वेळी तसं होईल या भरवशावर बसणं काही खरं नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेची अपडेट्स आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळतात. म्हणजे आज मागे गेलात तरी पुन्हा अकरावर येणं अटळ आहे. तेव्हा सगळं सामान दुसऱ्यांदा हलवावं लागेल.

आणि चोरण्यासारखं काही नाही हे तुम्ही कसं म्हणता? तुमच्या लॅपटॉपवर अजून न छापलेली पुस्तकं आहेत! ती तुमची नाहीत, लेखकाची आणि प्रकाशकाची आहेत, त्यांनी विश्वासाने पाठवलेली. त्यातल्या एखाद्या फाइलला उद्या कुलूप लागलं किंवा ती बाहेर गेली, तर फोन तुम्हाला करावा लागेल. तुम्ही अठरा पानांवरचा एक चुकलेला ऱ्हस्व उकार सोडत नाही आणि इथे मात्र ‘काय होतंय’ म्हणता, हे मला जरा पटलं नाही.

वयाचं कारण तर मी मोडीतच काढतो. नऊ वर्षांपूर्वी दहा तुमच्या हातात आलं तेव्हा ते जन्मजात येत होतं का? त्याआधी विंडोज ७ वापरत असाल तर तेव्हाही कुणाला तरी म्हणाला असाल, सात किती छान होतं. ते वैतागाचे दिवस विसरायला होतात.

अर्थात कुरकुर करणाऱ्यांचं कधी कधी अगदी बरोबर असतं. व्हिस्टाच्या वेळी नाराजी एवढी होती की एक्सपी घातलेले नवे संगणक विकायची मुदत मायक्रोसॉफ्टला जून २००८ पर्यंत वाढवावी लागली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचं बटणच काढून टाकलं होतं. वर्षभरात ते निमूटपणे परत आलं. अकरामध्येही टास्कबारवर प्रत्येक खिडकी वेगळी दाखवायची सोय सुरुवातीला काढली होती आणि ओरड झाल्यावर २०२३ मध्ये परत दिली. तेव्हा तुमचा वैताग खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यातला बराचसा दहाकडे न जाताही उतरतो, एवढंच.

टास्कबारवर मोकळ्या जागी राइट-क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज उघडा आणि सगळ्यात खालच्या ‘टास्कबार बिहेव्हिअर्स’मध्ये अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. स्टार्ट पुन्हा डाव्या कोपऱ्यात. चिन्हं एकत्र गोळा होऊ नयेत ही सोयही त्याच पानावर आहे. दोन प्रुफं शेजारी ठेवून वाचणाऱ्यांना ती हवीच. राइट-क्लिकची जुनी लांब यादी हवी असेल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग राइट-क्लिक करा. दोन दिवसांत करंगळी आपोआप शिफ्टवर जाईल.

फायलींचं जरा जपून. एखादी सेव्ह केलेली फाइल उघडा आणि तिचा पत्ता वाचा. मध्ये ‘वनड्राइव्ह’ (मायक्रोसॉफ्टची नेटवरची साठवणीची जागा) हा शब्द आला तर नवा लॅपटॉप सुरू करताना कुठेतरी ‘होय’ म्हटलं गेलं आहे आणि तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ढगात जायला लागले आहेत. फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की तक्रारी सुरू. हे बंद करता येतं, पण बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसून छातीत धस्स होण्याची शक्यता असते. फायली गेलेल्या नसतात, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये राहिलेल्या असतात. म्हणून आधी सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, मगच तिथे हात घाला. दहावरही वनड्राइव्ह असंच वागतं, तेव्हा मागे जाऊन यातून सुटका नव्हतीच.

पंख्याला महिना झाला म्हणता, म्हणजे आता बघायला हवं. नवं मशीन पहिले काही दिवस अपडेट्स उतरवतं, फायलींची सूची बनवतं, तेव्हा घरघर होते. नंतरही थांबत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात सीपीयूच्या रकान्यात वर कोण बसलंय ते बघा. बहुतेकदा कंपनीने भरून दिलेला महिना-दोन महिन्यांचा चाचणीचा अँटीव्हायरस निघतो. तो काढून टाकला की विंडोजचा डिफेंडर आपणहून कामाला लागतो आणि तुमच्या कामाला तो पुरेसा आहे.

आता स्कॅनर. इथे मात्र थांबून बोलू, कारण सगळा डाव याच्यावर आहे.

‘जुन्या लॅपटॉपवर दहा होतं, त्यावर स्कॅनर चालायचा, म्हणजे नव्यावर दहा टाकलं की चालेल’, हे ऐकायला सरळ वाटतं. जुना लॅपटॉप उघडा आणि तिथल्या ‘अबाउट’मध्ये ‘सिस्टीम टाइप’ वाचा. दहा ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन घडणींत येतं. तिथे ३२-बिट लिहिलेलं असेल तर स्कॅनरचा ड्रायव्हरही ३२-बिटचा आहे आणि तो ६४-बिट विंडोजवर चालत नाही, मग ते दहा असो की अकरा. नव्या लॅपटॉपवर दहा टाकलं तरी ते ६४-बिटच टाकावं लागेल. म्हणजे कंपनीने ६४-बिटचा ड्रायव्हर काढलेला नसेल तर एवढा खटाटोप करून स्कॅनर तसाच मुका!

६४-बिट लिहिलेलं असेल तर बातमी जास्त चांगली आहे. दहाचे ६४-बिट ड्रायव्हर अकरावर पुष्कळदा चालतात. स्कॅनरच्या कंपनीच्या पानावर अकराचं नाव नसलं तरी दहाचा, तो नसेल तर ८.१ चा ड्रायव्हर उतरवून बघा. तेवढ्याने झालं नाही तर विंडोज सिक्युरिटीत ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, त्यात ‘कोअर आयसोलेशन’ उघडा. तिथे ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाचं कलम नव्या मशीनवर बहुधा चालू असतं आणि जुन्या धाटणीचे ड्रायव्हर ते दारातच अडवतं. मग स्कॅनर जोडल्याचा ‘टुंग’ आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. तुमच्याकडे हेच होत असावं असा माझा अंदाज आहे. ते बंद करून स्कॅनर चालतो का बघता येईल, पण कायमचं बंद ठेवायला मी सांगणार नाही. ते संरक्षणासाठीच आहे. त्यापेक्षा व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्रॅम वापरून बघा. जुन्या स्कॅनरांचे ड्रायव्हर तो स्वतःच्या पोटात घेऊन येतो. विकत घ्यावा लागतो, पण चाचणीची प्रत फुकट मिळते. स्कॅनवर छापे उमटवते, तरी स्कॅनर जागा होतो की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? म्हणून तो जुना लॅपटॉप. त्याचं वायफाय बंद करा, ईमेल आणि पासवर्ड त्यावरून पुसून टाका आणि स्कॅनर त्याला कायमचा जोडून ठेवा. रेंगाळतो म्हणून तुम्ही त्याला निवृत्त केलंत, पण स्कॅन करायला त्याला घाई कुठे आहे? पानं पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि नव्यावर न्यायची. एखादं महागडं यंत्र किंवा प्रयोगशाळेतलं उपकरण फक्त जुन्या विंडोजशी बोलतं अशी अडचण ज्यांची आहे, त्यांनाही मी हेच सांगतो: जुनं मशीन त्या एका कामाला द्या आणि नेटपासून तोडा. जुनं मशीन उरलंच नसेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅमने अकराच्याच पोटात, एका खिडकीत, दहा चालवता येतं आणि यूएसबीचं उपकरण त्या खिडकीला देता येतं. तुमच्या एका स्कॅनरसाठी एवढा संसार मांडायची गरज नाही.

हे सगळं करूनही तुम्ही म्हणालात की मला दहाच हवं, तर मशीन तुमचं आहे. मग निदान चार गोष्टी आधी करा. फायलींची प्रत बाहेर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का पाहा. ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवून कपाटात ठेवा. माझ्या एक्सपीच्या वेळी मी तेवढंच केलं असतं तर! डिस्कचं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय फायली वाचता येऊ नयेत अशी सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, कारण बायोसमध्ये काही हललं तर मशीन पहिल्यांदा तीच मागतं. आणि भाच्याला स्पष्ट विचारा, त्याच्या पेन ड्राइव्हवरचं दहा आलं कुठून. मायक्रोसॉफ्टच्या पानावरून उतरवलेलं असेल तर ठीक. कुणीतरी ‘हलकं करून’ वाटलेलं किंवा सोबत अ‍ॅक्टिवेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्रॅम) जोडलेलं असेल तर तुमच्या लॅपटॉपला ते लावू देऊ नका, मग भाचा कितीही लाडका असो.

तोवर तो एक तास वाया जाऊ देऊ नका. फोन करून सांगा, मी लॅपटॉप आणत नाही, तूच ये. आल्यावर आधी टास्कबार डावीकडे, मग वनड्राइव्ह, मग तो चाचणीचा अँटीव्हायरस. स्कॅनर शेवटी, आणि जुना लॅपटॉप शेजारी चालू करून ठेवा.